कठड्यामागचे आणि रस्त्यावरचे

रात्री दहाच्या पुढे छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकातली वर्दळ ओसरू लागते. विभागीय क्रीडा संकुलात फेऱ्या मारणारी मंडळी घरी गेलेली असतात, टपऱ्यांच्या फळ्या लागत असतात, आणि तेवढ्यात तो आवाज येतो. आधी लांबून, दर्ग्याच्या बाजूने, मग एकदम अंगावर. सायलेन्सरच्या पोटातली जाळी काढलेली मोटारसायकल, हँडलवर ओणवा झालेला पोरगा, हवेत उचललेले पुढचे चाक, आणि दुभाजकापाशी मोबाइल धरून उभे असलेले दोन दोस्त. डोक्यावर हेल्मेट नसते, कारण हेल्मेटात तोंड दिसत नाही आणि तोंड दिसले नाही तर व्हिडिओचा उपयोग काय! मग गॅलरीतून कोणीतरी शिवी हासडतो, आणि त्या शिवीच्या पाठोपाठ एक निदान हमखास येते: हे सगळे रेसचे वेड. टीव्हीवर त्या गाड्या बघून पोरे बिघडली. उद्या इथे रेसचा ट्रॅक काढा म्हणतील, म्हणजे झालेच कल्याण. शिवीशी माझे भांडण नाही. निदानाशी आहे. चौकातला पोरगा आणि शर्यतीच्या मैदानावर कठड्यामागे बसणारा शौकीन यांना एकाच पोत्यात भरणाऱ्यांनी त्या दुसऱ्या माणसाकडे कधी नीट पाहिलेले नसते.

तेव्हा आधी त्याच्याकडेच पाहू. सर्किटवर जाणारा दर्दी प्रेक्षक दिवसाचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात घालवतो. मुख्य शर्यत रविवारी दीडदोन तासांची, पण तो शुक्रवारच्या सरावापासून हजर असतो. गाडी त्याच्यासमोरून दीड मिनिटातून एकदा जाते, तीही डोळ्याचे पाते लवेपर्यंत. उरलेल्या वेळात तो हिशेब करतो. कोणी मऊ टायर लावला, कोणी कडक, कोण कितव्या फेरीला पिटमध्ये येणार, वळणावर ब्रेक कुणी उशिरा दाबला, इंजिनाचा सूर मघापेक्षा का बदलला. जपानमधल्या सुझुका सर्किटवरचे प्रेक्षक तर प्रसिद्धच आहेत. घरी बनवलेल्या गाडीच्या आकाराच्या टोप्या घालून येतात, आणि शर्यत संपल्यावरही स्टँडमध्ये बसून पडद्यावर पुन्हा सगळे पाहत राहतात. याला वेड म्हणायचे तर जरूर म्हणा, पण हे कोल्हापूरच्या खासबागेतले वेड आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या त्या मैदानात बसणारा जुना शौकीन आखाड्यात येऊन झोंबत नाही. तो बसल्या जागेवरून ढाक लागणार की नाही ते पैलवानाच्या आधी ओळखतो, आणि चुकलेल्या डावाला तोंडातून जो ‘च्च’ निघतो त्यात त्याची सगळी हयात असते. आवड जितकी जुनी तितकी ती हातापायांतून निघून डोळ्यांत आणि कानांत जाते. चौकातल्या पोराला पाहायचे काहीच नसते. त्याला दिसायचे असते.

या प्रेक्षकाला आणखी एक भाषा येते, आणि ती आपल्या रस्त्यांवर कुणालाच येत नाही. झेंड्यांची भाषा. पिवळा झेंडा हलला की पुढे धोका आहे, वेग कमी करा, कुणालाही मागे टाकायचे नाही. लाल झेंडा म्हणजे सगळे थांबवा. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. आणि निळा झेंडा म्हणजे मागून तुमच्याहून जलद गाडी येते आहे, बाजू द्या. जालना रोडवर ज्याने कधी कोणाला बाजू दिली असेल त्याने या निळ्या झेंड्याचा अर्थ मनाशी घोळवून पाहावा. हे झेंडे धरणारे मार्शल पुष्कळ देशांत पगारी नसतात. ब्रिटनमध्ये सिल्व्हरस्टोनला उन्हापावसात वळणावर उभे राहणारे लोक स्वयंसेवक असतात, म्हणजे मुळात शौकीनच. ज्यांना वेगाचे वेड आहे तेच लोक वेग रोखण्याचे काम फुकट करतात, हे या संस्कृतीबद्दल बोलताना कोणी सांगत नाही.

आणि शिक्षेचे पाहा. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर सेबास्टियन वेटेलने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली आणि त्याबरोबर चौथे जगज्जेतेपदही. आनंदाच्या भरात त्याने मुख्य स्टँडसमोर गाडी जागच्या जागी गोल गोल फिरवली, टायरांचा धूर केला, गाडीतून उतरून तिच्यापुढे गुडघे टेकले आणि हातमोजे प्रेक्षकांत भिरकावले. लोक अर्थातच वेडे झाले. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे गाडी सरळ आत न्यायची होती, म्हणून जगज्जेत्याला ताकीद मिळाली आणि त्याच्या संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला. मला स्वतःला तो दंड जरा खडूसपणाचाच वाटतो. पण मुद्दा असा की गाडी गरगर फिरवण्याची आणि धूर काढण्याची चमकोगिरी जिथे जगज्जेत्यालाही माफ झाली नाही, त्या जागेने आपल्या पोरांना चमकोगिरी शिकवली म्हणणे म्हणजे तालमीने मारामारी शिकवली म्हणण्यासारखे आहे.

यावर जाणकार विरोधक एक बरी हरकत घेतो. नियम चालकांसाठी असतात, गर्दीचे काय? गर्दी शेवटी गर्दीच. ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही, म्हणून आपल्याच देशातला एक आठवडा घेतो. २०११ च्या ऑक्टोबरात भारतात पहिल्यांदा फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिच्याच निमित्ताने शुक्रवारी, २८ तारखेला, गुरगावात मेटॅलिका या बँडचा कार्यक्रम ठेवला होता. मंचाजवळचा कठडा मोडला, कार्यक्रम आधी लांबला मग रद्द झाला, लोकांना वेळेवर धड काही सांगितले गेले नाही, आणि चिडलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली. दोन दिवसांनी, ३० तारखेला, सर्किटवर सुमारे ९५ हजार लोक जमले. त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात शर्यत पाहिलेली नव्हती. त्या महिन्यात पंधरवड्याच्या आत डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमॉन्चेल्ली हे दोन शर्यतपटू दोन वेगवेगळ्या अपघातांत गेले होते. शर्यतीआधी त्यांच्यासाठी एक मिनिट शांतता पाळली गेली. मग शर्यतीचा सगळा गदारोळ झाला, सचिन तेंडुलकरने शेवटचा चौकड्यांचा झेंडा हलवला, नारायण कार्तिकेयन सतरावा आला तरी त्याच्यासाठी आरोळ्या उठल्या, आणि लोक घरी गेले. एकच आठवडा, एकच निमित्त, बरीचशी सारख्याच वयाची माणसे. एकीकडे कठडा कच्चा होता आणि कोणी काही सांगत नव्हते. दुसरीकडे कठडा पक्का होता आणि आत काय चालले आहे ते क्षणाक्षणाला कळत होते. गर्दी बिघडते ती आवडीने बिघडते, की तिला ताटकळत आणि अंधारात ठेवल्याने, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही. (शुक्रवारच्या पहिल्याच सरावात ट्रॅकवर एक कुत्रे शिरले होते आणि सराव थांबवावा लागला होता, हेही नोंदवून ठेवतो. भारतीयत्वाची लाज कोणीतरी राखायला हवी होतीच.)

पण माझ्या बाजूच्या लोकांनी लपवलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. या खेळाच्या कडेला प्रेक्षक मेले आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. ११ जून १९५५ ला फ्रान्समधल्या ल माँ इथे एक मर्सिडीज गर्दीत घुसून ८० हून अधिक माणसे गेली. स्वित्झर्लंडने त्यानंतर सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली आणि ती काही दशके टिकली. १९५७ मध्ये इटलीतल्या मिल्ले मिल्या या खुल्या रस्त्यावरच्या शर्यतीत कडेला उभे असलेले ९ जण गेले, त्यांत ५ मुले होती. १९६१ मध्ये मोंझाला १५ प्रेक्षक गेले. अलीकडेही सगळे गोमटे नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला प्रेक्षकांतून धुराची नळकांडी ट्रॅकवर पडली, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियात स्टँडमध्ये बायकांना छळल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की फॉर्म्युला वनलाच जाहीर निषेध करावा लागला. दारू पिऊन बायकांच्या अंगचटीला जाणारा माणूस झेंड्यांची भाषा जाणत असला तरी शौकीन म्हणून त्याचे वकीलपत्र मी घेणार नाही.

मात्र या यादीतून निघतो तो धडा विरोधकाच्या मुद्द्याच्या उलट आहे. मिल्ले मिल्याचे मृत्यू झाले ते गावांतून जाणाऱ्या उघड्या रस्त्यावर, आणि त्या शर्यतीचे ते रूप तिथेच संपले. ल माँच्या मृत्यूंनंतर पिट आणि स्टँड पाडून नव्याने बांधले गेले. पुढे वळणाबाहेर मोकळी जागा ठेवणे, टायरांच्या भिंती, दुहेरी कुंपण हे सगळे एकेक अपघाताच्या मागून आले. शर्यत रस्त्यावरून उचलून बंदिस्त जागेत नेणे हीच तिची सत्तर वर्षांची वाटचाल आहे. आपल्याकडे २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानात एका राष्ट्रीय रॅलीच्या मार्गावर मोटारसायकलवरून आलेल्या एका कुटुंबातले तिघे गाडीखाली आले. रॅलीचा मार्ग म्हणजे तात्पुरता अडवलेला गावरस्ता. कुठली पायवाट त्याला कुठे येऊन मिळते ते गावकऱ्यांनाच ठाऊक. त्या अपघाताने शर्यतींच्या विरोधात काही सिद्ध झाले असेल तर तेवढे कायमच्या, कुंपण असलेल्या ट्रॅकच्या बाजूने झाले. बंदिस्त ट्रॅकवरही माणसे मरतात. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर २०२३ च्या जानेवारीत एक ज्येष्ठ शर्यतपटू गेला, ऑगस्टात बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा गेला. तेरा वर्षांच्या मुलांना कोणत्या ताकदीच्या गाडीवर बसवावे हा प्रश्न संघटनांनी कितीही अवघड वाटला तरी सोडवलाच पाहिजे. पण तिथे रस्त्याने दूध घेऊन चाललेला तिसराच माणूस मेला नाही. धोका ज्याने पत्करला त्याच्यापुरता तो राहिला. चौकातला पोरगा नेमका हाच भेद पुसून टाकतो.

बघून बघून पोरे बिघडतात, या समजाला आकड्यांचा आधार शोधू गेले तर तो मिळत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, आणि त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या मागे अतिवेग होता. त्याच वर्षी हेल्मेट नसलेले ५० हजार २९ जण गेले. २०१३ नंतर या देशात फॉर्म्युला वनची शर्यत झालेली नाही. सर्किट म्हणावे अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही मुख्यत्वे दक्षिणेत. मराठवाड्यात एकही नाही. मग हा वेग शिकवला कोणी? ज्या गोष्टीचा इथे मागमूस नाही तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोयीचे असते, कारण ती हजर होऊन बोलत नाही. ट्रॅक काढला की रस्त्यावरचे मृत्यू घटतात, असा उलटा दावा मी करत नाही; तसे सिद्ध झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि चौकातला प्रत्येक पोरगा रविवारी तिकीट काढून कठड्यामागे शहाण्यासारखा बसेल असे मानायला मी भोळा नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. वेगाची ओढ त्या पोरामध्ये आधीपासून आहे. तिला हेल्मेट, झेंडा आणि घड्याळ दाखवणारी एकही जागा त्याने आयुष्यात पाहिलेली नाही.

‘मग बंदी घाला, सायलेन्सर रोलरखाली चिरडा’ हा उपाय महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत करून झाला आहे. पोलिसांनी तो जरूर करत राहावा. पण बंदीने ओढ मरते का, हे आपल्याइतके पक्के कोणालाच माहीत नसावे, कारण आपण बैलगाडा शर्यतीचा प्रयोग करून बसलो आहोत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत शौकीन घरी बसले नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे गावात पोलिसांनी मैदान अडवून धरले, तर रातोरात दुसरीकडे पट्टा तयार करून पहाटे शर्यत उरकण्यात आली. चोरून होणाऱ्या शर्यतीत डॉक्टर नसतो, धाव किती लांब ठेवायची ते सांगणारा नसतो, गर्दीला मागे रेटणारा दोरखंडही नसतो. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अंतराला हजार मीटरची मर्यादा आहे. तरीही बैलाला विचारले कोणी, हा प्राणिमित्रांचा प्रश्न उरतोच, आणि त्याला माझ्याकडे पटणारे उत्तर नाही. मोटारीच्या शर्यतीत तो प्रश्नच येत नाही. म्हणजे ज्या शर्यतीत मुके जनावर धावते तिला परंपरा म्हणून आपण विधिमंडळात एकमुखाने जागा करून दिली, आणि ज्या शर्यतीत स्वतःच्या मर्जीने बसलेला सज्ञान माणूस धावतो तिला मात्र परक्यांचे थेर म्हणून नाक मुरडतो.

परकी, म्हणे. आणि श्रीमंतांची. इथे मला गारखेड्याहून थेट कोइमतूरला जावे लागेल. तेही सूतगिरण्यांचे शहर. सूतगिरणी हे आपल्या चौकाचे नुसते नाव उरले आहे, तिथे ती अख्ख्या गावाची ओळख होती. गिरण्यांच्या मागे यंत्रे आली, यंत्रांमागे कारागीर, आणि तिथल्या उद्योजक घराण्यातले एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून एका आसनाच्या शर्यतीच्या गाड्या तयार केल्या. फॉर्म्युला मारुती असे त्यांचे नाव पडले. एका साखळ्या बनवणाऱ्या स्थानिक कंपनीच्या नावाने पुढे फॉर्म्युला एलजीबी सुरू झाली. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाने २००३ मध्ये करी मोटर स्पीडवे ही जेमतेम दोन किलोमीटरची धावपट्टी उभी राहिली. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, त्याच गावचा. कोइमतूरच्या मातीत पेट्रोल होते असे कोणी म्हणत नाही. तिथे फिटर आणि टर्नर होते, इतकेच.

आता परत आपल्याकडे, वाळूजला या. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आहे. ब्रेक, क्लच, शॉकॲब्सॉर्बर करणारी एन्ड्युरन्स इथली, व्हॅरॉक इथली, आणि त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणाऱ्या शेडींची रांगच्या रांग. शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून. गारखेड्याला लागून चेतक घोडा चौक आहे, राणा प्रतापांच्या घोड्याचा. त्याच घोड्याच्या नावाच्या स्कूटरवर महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी संसार वाहिले. ज्या शहराच्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी गाडीचा एखादा भाग घडवतो, तपासतो किंवा दुरुस्त करतो, त्या शहराला मोटारीची शर्यत परकी कशी? टूल रूममध्ये काम करणाऱ्या माणसाला शतांश मिलिमीटरचे महत्त्व माहीत असते. शर्यतीत शतांश सेकंदाचे. त्याला ही शर्यत समजावून सांगावी लागणार नाही. तोच आपल्याला सांगेल. गाडी चालवणे महागडे आहे हे खरे, पण पाहणे नाही, आणि गाडी तयार करणे तर पगार देणारे काम आहे. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये डकार क्लासिक रॅलीत उतरले, मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकून आला, नाशिकच्या डोंगरांत रॅली होते. कोल्हापुरात मोहिते मंडळींनी कार्टिंगचा ट्रॅक केला, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या, आणि तिथला ध्रुव मोहिते २०१८ मध्ये फोक्सवॅगनचा अमिओ कप जिंकला. कुस्तीच्या गावाला हे जमले, आणि गाड्यांच्या गावाला ते परके वाटते.

पैशाची हरकत उरते, आणि ती या सगळ्यांत वजनदार आहे. बुद्ध सर्किटचे पुढे काय झाले ते दिसतेच. अवाढव्य खर्च, बांधणारा उद्योगसमूह कर्जात बुडालेला, शर्यत तीन वर्षांत बंद, आणि फॉर्म्युला वन हा खेळ की करमणूक यावर सरकारशी करांची भांडणे. मराठवाड्यात, जिथे नळाला पाणी कितव्या दिवशी येते यावर घराचे वेळापत्रक ठरते, तिथे असला पांढरा हत्ती कोणी मागेल तर त्याला विरोध करणाऱ्यांत मीही असेन. पण ट्रॅक म्हटले की डोळ्यांसमोर फॉर्म्युला वनच येणे ही आपली सवय आहे. क्रिकेटचे मैदान मागणाऱ्याला कोणी ‘इथे लॉर्ड्स कशाला’ असे विचारत नाही. कोइमतूरचे उदाहरण मुद्दाम दिले ते यासाठीच. कार्टिंगची पट्टी, चारशे मीटरची सरळ धाव, मातीवरच्या मोटारसायकल शर्यतीचा उंचसखल वाफा, चारी बाजूंनी कुंपण, एक रुग्णवाहिका आणि झेंडे धरणारी दहा माणसे, इतक्यावर सुरुवात होते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडानगरीत माती आणून टाकली आणि सुपरक्रॉसची शर्यत झाली. त्यासाठी कोणाला डोंगर फोडावा लागला नाही. प्रदूषणाबद्दल एवढेच, की फॉर्म्युला वनने स्वतःचा २०१८ चा कार्बन हिशेब मांडला तेव्हा गाड्यांनी जाळलेल्या इंधनाचा वाटा ०.७ टक्के निघाला. उरलेले विमानांचे, मालवाहतुकीचे आणि कचेऱ्यांचे. आवाजाबद्दल ज्याला बोलायचे आहे त्याने रात्री साडेदहाला सूतगिरणी चौकात येऊन बोलावे.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम सार्वजनिक जागी शर्यत लावणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगते. पुन्हा सापडला तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. पोलीस हे कलम लावतात आणि लावावेच. पण त्या कलमात एक तुकडा असा आहे की त्याकडे विरोधकांचे लक्ष जात नाही आणि शौकिनांचेही. गुन्हा ठरते ती राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून लावलेली शर्यत. लेखी संमती मिळू शकते, हे कायदा लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे. ती मागणारा अर्ज वाळूजच्या एखाद्या कंपनीच्या क्रीडा मंडळाने करावा, की संकुलात रोज सकाळी धावणाऱ्यांनी, की ज्या बापाचा पोरगा आत्ता चाक उचलून बीड बायपासकडे गेला त्याने, हे ठरवायला आज रात्रीसुद्धा बसता येईल.